चौथा चतकोर

एका बाईचा चौथा चतकोर मी मुद्दाम कोरा ठेवला. विसरलो नाही, घाईत राहून गेला नाही, मार्कर वाळला होता असंही नाही. त्याच मार्करने मी तिच्या वरच्या आणि खालच्या नावापुढचे गोल भरले आणि तिच्या नावावरून हात पुढे नेला. या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. गेल्या महिन्यापर्यंत मी ती कोणालाही सांगितली नव्हती.

चतकोर हा शब्द आमच्या लाइनवरच्या बायकांचा. आमची कंपनी चाकणला गाड्यांच्या आतल्या वायरिंगचे जुडगे बनवते. प्रत्येक लाइनच्या तोंडाशी एक पांढरा फळा असतो. डावीकडे खाली खाली कामगारांची नावं, वर आडवी कामांची नावं, आणि प्रत्येक नावापुढे प्रत्येक कामासाठी एक गोल, चार भागांत कापलेला. माणूस काम शिकायला लागला की पहिला भाग काळा करायचा. कोणी शेजारी उभं असताना जमायला लागलं की दुसरा. एकट्याने जमलं की तिसरा. दुसऱ्याला शिकवता आलं की चौथा. साहेब लोक या फळ्याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात. बायकांना त्या गोलात भाकरी दिसली. "माझे दोन चतकोर झाले, तुझे किती?" असं त्या एकमेकींना विचारायच्या. फळा भरायचा अधिकार सुपरवायझरचा, म्हणजे माझा.

ती बाई लातूरकडची. पस्तिशीच्या आसपासची, अंगाने बारीक, बोलायला मोकळी. नवरा एका फाउंड्रीत. खराबवाडीत एका खोलीत नवरा, बायको आणि मुलगी. आली होती ठेकेदारामार्फत. आमच्या पट्ट्यात ठेकेदाराच्या माणसाला सात महिने झाले की बऱ्याच ठिकाणी ब्रेक देतात. नोकरी सलग धरली जाऊ नये म्हणून नाव काढून टाकायचं. महिन्याभराने कोणाला परत बोलावतात, कोणाला नाही. ज्यांना बोलावणं येत नाही ते दुसरी कंपनी धरतात. आज म्हाळुंगे, उद्या निघोजे, परवा तळेगावची बाजू. कंपनी बदलली की खोली बदलते, खोली बदलली की पोरांची शाळा. तिची मुलगी चौथीत होती आणि ती तिची तिसरी शाळा होती. आमच्याकडे ब्रेकनंतर तिला परत बोलावलं, म्हणून ती शाळा दुसऱ्या वर्षीही तीच राहिली. याचं त्या बाईला फार अप्रूप होतं. एकदा डबा खाताना म्हणाली, "पोरीला पहिल्यांदाच मैत्रीण झाली बघा सर. आधी नावं पाठ व्हायच्या आत आमचं बिऱ्हाड हलायचं."

तिला पर्मनंट व्हायचं होतं. लाइनवर सगळ्यांनाच व्हायचं असतं, पण बाकीच्या पगारासाठी बोलायच्या, ही शाळेसाठी बोलायची.

आता तिच्या हाताचं सांगतो. वायरींच्या जुडग्याला काळी चिकटपट्टी गुंडाळावी लागते, दिवसभर, अंगठ्याने दाबत दाबत. नव्या मुलीचा अंगठा तिसऱ्या दिवशी सोलतो. चौथ्या दिवशी ती येत नाही. कितीतरी वर्षं मी हे पाहत होतो आणि मला वाटायचं, पगार कमी पडला असेल, शेजारच्या कंपनीने चार पैसे जास्त दिले असतील. या बाईने कोणाला न विचारता एक गोष्ट सुरू केली. नवी मुलगी आली की पहिल्या सकाळी तिच्या अंगठ्याला जुन्या सुती ओढणीची चिंधी बांधायची आणि तिला आपल्या डाव्या हाताला उभी करायची. आठ दिवस तिला वेगाने काम करू द्यायची नाही. "घाई करू नको गं, आधी आवाज ऐक," म्हणायची. वायरीचं टोक कनेक्टरमध्ये नीट बसलं की टक् असा बारीक आवाज येतो. तो आवाज ती मुलींना डोळे मिटून ऐकायला लावायची. मग हलकेच ओढून बघायला लावायची. माझ्या लाइनवर मुली टिकायला लागल्या. टिकल्या म्हणून हात बसले, हात बसले म्हणून माल जास्त निघायला लागला आणि परत येणारा माल कमी झाला. बाकीच्या लाइनींवर पगार तोच होता, पंखे तेच होते, पण तिथे दर सोमवारी नवे चेहरे असायचे.

महिन्याच्या मीटिंगमध्ये मॅनेजर साहेबांनी मला विचारलं, तुमच्या लाइनवरून माणसं जात नाहीत, काय करता तुम्ही? मी म्हणालो, मी मुलींशी बोलतो, त्यांच्या अडचणी समजून घेतो. टाळ्या वाजल्या. मला सर्टिफिकेट मिळालं, बायकोने ते टीव्हीच्या वर लावलं. चिंधीचं नाव मी काढलं नाही.

इथे माझ्या साडूचं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय माझ्या पोटातली आग कुणाला कळायची नाही. बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तो कुठेच तीन वर्षांच्या वर राहिला नाही. प्रत्येक उडीला पगार वाढवून घेतला आणि आता माण गावाजवळच्या एका मोठ्या कंपनीत बसतो. मला सर्टिफिकेट मिळालं त्याच वर्षी पिंपळे सौदागरला मोठ्या सोसायटीत त्याने फ्लॅट घेतला. आम्ही कासारवाडीत तीच दोन खोल्यांची जागा धरून आहोत. सत्यनारायणाला गेलो तेव्हा त्याने सगळ्या पाहुण्यांसमोर प्रसादाची वाटी माझ्या हातात देत विचारलं, "दादा, अजून तिथंच का हो तुम्ही?"

मी म्हणालो, हो.

"कमाल आहे राव. कंपनीला तरी माहीत आहे का, तुम्ही अजून आहात ते?"

सगळे हसले. मीही हसलो. एकोणीस वर्षं एका ठिकाणी काढलेल्या माणसाला हसण्यावाचून दुसरं काय येतं? माझ्यानंतर आलेले माझ्यापेक्षा जास्त पगारावर येतात, कारण बाहेरच्या माणसाला आणायचं तर बाजारभाव द्यावा लागतो आणि आतला माणूस कुठे जात नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. ही साधी गोष्ट मला फार उशिरा कळली. कळल्यावर मी शहाणा झालो नाही. मी जळायला लागलो. सोडून जाणाऱ्या प्रत्येकाचा मला हेवा वाटायचा. राजीनामा द्यायला आलेल्या मुलाशी मी गोड बोलायचो आणि तो गेला की त्याच्या मागे, टिकणार नाही कुठे, असं म्हणायचो.

मग ग्राहक कंपनीची माणसं तपासणीला आली. आमचे मॅनेजर त्यांना घेऊन माझ्या लाइनपाशी थांबले. पाहुण्यांपैकी एकाने त्या बाईला विचारलं की नव्या मुलींना कसं शिकवता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याने हात वर करून मला थांबवलं. ती बोलली. चिंधी दाखवली, डोळे मिटून टक् आवाज ऐकवला. पाहुण्याने स्वतः डोळे मिटून एक वायर बसवली. जाताना मॅनेजर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "खरी सुपरवायझर तर ही दिसतेय. तुम्ही काय करता मग?"

त्यांनी गंमत केली होती. लाइनवरच्या मुली तोंडाला रुमाल लावून हसल्या. ती बाई हसली नाही, उलट ओशाळली. मला तिचं ते ओशाळणंच जास्त लागलं. साडूला मी काही करू शकत नव्हतो. हिला करू शकत होतो.

पंधरा दिवसांनी निरोप आला की ठेकेदाराच्या माणसांतून तीन जागा पर्मनंट भरायच्या आहेत, शिकवणाऱ्या माणसांच्या. अट एकच, फळ्यावर मुख्य कामाचा गोल पूर्ण भरलेला हवा. शनिवारी एचआरची मुलगी फळ्यांचे फोटो काढून नेणार होती. शुक्रवारी शिफ्ट सुटताना ती बाई माझ्या टेबलापाशी आली.

"सर, माझा चौथा चतकोर तेवढा भरता का? उद्या फोटो काढायलेत म्हणे."

"भरतो की," मी म्हणालो.

"विसरू नका बरं का. पोरीला सांगून बसलेय मी."

शनिवारी सकाळी मी फळ्यासमोर उभा राहिलो. मनाशी मी एक कारण तयार ठेवलं होतं: गोल पूर्ण भरला की माणसं फळ्याचा फोटो मोबाइलवर घेतात, दुसऱ्या कंपनीत दाखवतात आणि जास्त पगारावर निघून जातात. आमच्या पट्ट्यात हे होतं, खोटं नाही. पण जी बाई एका शाळेसाठी पर्मनंट होऊ पाहते ती कशाला जाईल? हेही मला त्याच क्षणी कळत होतं. मी वरचा गोल भरला. खालचा भरला. मधला तीन चतकोरांवर राहिला. फोटो निघाला.

यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं. दोन आठवड्यांनी तिचे सात महिने भरले आणि ब्रेक लागला. या वेळी परत बोलावणं येणार नाही, हे ठेकेदाराने तिला आधीच सांगितलं. पर्मनंटच्या यादीतून गळलेल्या माणसाला कंपनी पुन्हा घ्यायला कचरते, अशी एक समजूत आमच्याकडे आहे. शेवटच्या दिवशी तिने ओळखपत्र माझ्याकडे दिलं आणि विचारलं, "सर, मी कशात कमी पडले?"

मी म्हणालो, "तसं काही नाही ताई. यादी वरून आली."

तिने मान हलवली. तिचा माझ्यावर विश्वास होता. फळ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मी सांगितलं होतं ना, भरतो म्हणून.

पहिले काही दिवस मला बरं वाटलं, हेही कबूल केलं पाहिजे. मुली आता शंका घेऊन माझ्याकडे यायच्या. मग चौथा दिवस परत आला. एक मुलगी गेली, दुसरी गेली. मी चिंध्या आणून ठेवल्या, पण अंगठा कुठे आवळायचा आणि कुठे सैल सोडायचा हे मला माहीत नव्हतं, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या सुपरवायझरच्या हातात हात द्यायला कुठली मुलगी धजेल? वायरी अर्धवट बसायला लागल्या. माल परत यायला लागला. ओव्हरटाइम वाढला, ओव्हरटाइमने थकलेल्या आणखी दोघी गेल्या.

कंपनीने नव्यांचा पगार वाढवला. शेजारच्या कंपनीने महिन्याभरात तेवढाच वाढवला. आमच्या लाइनवर चार वर्षं काढलेल्या बायकांना दिसलं की कालची पोरगी जवळपास आपल्याएवढं घेते. दोघींनी माझ्या तोंडावर विचारलं, थांबण्याची शिक्षा आहे का ही?  तोच प्रश्न मी स्वतः गिळत आलो होतो. त्या दोघी दुसरीकडे गेल्या, तिथे नव्या म्हणून, नव्यांच्या पगारावर. त्यांच्या जागी आणखी नवे अंगठे आले आणि तेही सोलले. पगार वाढल्याने मुली दारापर्यंत येत होत्या. चौथ्या दिवसाच्या पलीकडे त्यांना नेणारं कोणी राहिलं नव्हतं. मीटिंगमध्ये मॅनेजरांनी विचारलं, तुमची तर टिकणाऱ्यांची लाइन होती, काय झालं? मी म्हणालो, बाजारच खराब आहे साहेब.

गेल्या महिन्यात लाइनवरच्या एका जुन्या मुलीने त्या बाईचा विषय काढला. ती बाई मध्ये दोन कंपन्यांत सात सात महिने होती, आता निघोज्याला तिसऱ्या कंपनीत आहे, प्रत्येक ठिकाणी पहिल्या चतकोरापासून. मुलीला तिने गावाकडे आजीकडे ठेवलं आहे. सहावीत गेलीय, तिथेच शिकेल म्हणे. जाताना पोरगी रडली नाही, नुसती दप्तर भरत बसली, असं लाइनवरची ती मुलगी सांगत होती. मी हातातला कागद खाली ठेवला आणि बाथरूमला जाऊन तोंड धुतलं.

रविवारी सकाळी बायको मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं, सर्टिफिकेटपासून मार्करपर्यंत. ती निवडत राहिली. जुडी संपली तेव्हा म्हणाली, "धाकटीच्या नवऱ्याचा राग त्या बाईवर काढलात तुम्ही."

तिने देठं गोळा केली.

"आणि मी ते सर्टिफिकेट आल्यागेल्याला दाखवत होते."

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेलो आणि त्यांनाही सांगितलं. आपली नोकरी जाईल असं मला वाटलं होतं.  ते म्हणाले की हे तेव्हा कळलं असतं तर पुष्कळ पैसे आणि माणसं वाचली असती. तुमच्याबद्दल काय करायचं ते एचआरशी बोलून ठरवीन, पण आधी त्या बाईचं लिहून द्या. मी लिहून दिलं: ती कोणतं काम किती चांगलं करायची, किती मुलींना तिने शिकवलं, आणि फळ्यावर चौथा भाग माझ्यामुळे भरला गेला नाही. त्यांनी खाली सही केली. पुढच्या वेळी जागा निघाल्या तर तिला बोलावू, पण शब्द देत नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

पुढच्या रविवारी दुपारी मी आणि बायको निघोज्याला गेलो. एकटा गेलो असतो तर तिला अवघड झालं असतं. पत्र्याच्या खोल्यांची लांब रांग, मधल्या खोलीत ती. आम्हाला बघून गडबडली. "सर, तुमी? या की, बसा की." नवऱ्याची सुट्टी होती, त्याने कॉटवरचे कपडे उचलून जागा केली. मी नको म्हणत असताना तिने चहा ठेवला आणि बायकोशी बोलत राहिली, गावाकडच्या पावसापाण्याचं, मुलीच्या फोनचं. मुलगी आता फोनवर दोनच मिनिटं बोलते, असं म्हणाली.

मी कागद तिच्या हातात दिला. तिने उभ्याउभ्याच वाचायला घेतला, ओळीवर बोट ठेवून, सावकाश. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. ती ओळ तिने दोनदा वाचली असावी. नवऱ्याने विचारलं काय आहे, तर तिने त्याला हाताने थांबवलं.

"सर," ती म्हणाली, "दोन कंपन्यांत मला विचारलं, नव्या पोरींना शिकवतीस का म्हणून. मी नको म्हणलं. मला वाटलं, आपल्याला शिकवायला येतच नाही. तुमी तर म्हणला होता, यादी वरून आली."

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. चहा उतू गेला, नवऱ्याने उठून गॅस बंद केला. बसून बोलणं मला जमेना, म्हणून मी उभा राहिलो.

"यादी वरून आली नव्हती ताई," मी म्हणालो. "फळा मी भरायचा होता आणि मी मुद्दाम भरला नाही. तुम्ही कशातही कमी पडला नव्हतात. पोरी तुमचं ऐकायच्या, माझं नाही, ते मला बघवत नव्हतं. नंतर तुम्ही विचारलंत तेव्हाही मी खोटं बोललो. तुमच्या लेकीची शाळा माझ्यामुळे सुटली. ते मला भरून देता येणार नाही. मी चुकलो. मला माफ करा."